रिकॉल करताना: पहिल्या नोंदीपासून शेवटच्या पाकिटाच्या हिशेबापर्यंत

अन्नपदार्थ बाजारातून परत बोलावावा लागणं, म्हणजेच रिकॉल, हा गुन्हा नाही. धोका कळूनही माल विकू देणं, कळवायला उशीर करणं आणि विचारल्यावर कागद न सापडणं, या तीन गोष्टींमुळे व्यवसाय कायद्याच्या कचाट्यात सापडतो. पॅकबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत, गुणवत्ता विभागात मी बरीच वर्षं काम केलं. आता लहान आणि मध्यम उद्योगांना रिकॉलची तयारी करून देते. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे: रिकॉल हा हिशेब आहे. किती पाकिटं बनली, कुठे गेली, किती परत आली, किती नष्ट केली, उरलेल्यांचं काय झालं, आणि यातला प्रत्येक निर्णय कुणी किती वाजता घेतला, हे ज्याच्याकडे लिहिलेलं असतं त्याला अधिकाऱ्यासमोर बसताना घाम फुटत नाही. आणि हिशेबात न लागलेलं प्रत्येक पाकीट कुणाच्या तरी घरी असू शकतं, म्हणून हा हिशेब जीव ओतून करायचा असतो.

कायदा नेमकं काय मागतो

देश कुठलाही असो, नियमांचा गाभा बराचसा सारखा आहे. युरोपीय संघाचा १७८/२००२ हा नियम घ्या. त्याचं कलम १८ म्हणतं, माल कुणाकडून घेतला आणि कुणाला दिला हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. एक पायरी मागे, एक पायरी पुढे. कलम १९ म्हणतं, माल असुरक्षित आहे असं मानायला कारण असेल तर तो काढून घ्या, प्रशासनाला ताबडतोब कळवा, आणि तो ग्राहकाच्या हाती पोचला असेल तर ग्राहकालाही नेमकं कारण सांगा. इथे ‘सिद्ध झालं तर’ असं कुठेही म्हटलेलं नाही, ‘मानायला कारण असेल तर’ असं म्हटलं आहे. भारतात अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ चं कलम २८ आणि २०१७ चे रिकॉलचे नियम याच वाटेने जातात. अमेरिकेत मांस आणि पोल्ट्रीच्या मालाबद्दल कृषी खात्याच्या अन्न सुरक्षा यंत्रणेला २४ तासांत कळवावं लागतं. इतर बहुतेक अन्नाबाबत धोका गंभीर असेल तर एफडीएच्या, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या, नोंदवहीत २४ तासांत नोंद करावी लागते. ऑस्ट्रेलियात उत्पादक, आयातदार आणि घाऊक पुरवठादार यांच्याकडे रिकॉलची लेखी पद्धत असणं बंधनकारक आहे.

तुमचा माल एकापेक्षा जास्त देशांत जात असेल तर त्या प्रत्येक देशाचा नियम तुम्हाला लागतो. म्हणून मी पहिलं काम सांगते ते एका पानाच्या तक्त्याचं: कोणता देश, कोणतं कार्यालय, किती तासांत, कोणत्या नमुन्यात कळवायचं, आणि सुट्टीच्या दिवशी कुठल्या नंबरवर फोन लागतो. हा तक्ता शांत दिवशी करायचा. संकटाच्या दिवशी संकेतस्थळं धुंडाळण्यात तीन तास जातात, आणि तेच तीन तास मोलाचे असतात.

दोन फरक डोक्यात पक्के ठेवा. माल अजून वितरकांच्या आणि दुकानांच्या गोदामांतच असेल आणि तिथूनच मागे घेतला, तर ती व्यापारी पातळीवरची माघार. माल घरोघरी पोचला असेल तर जाहीर सूचना देऊन ग्राहकांकडून परत बोलवावा लागतो. दुसरा फरक धोक्याच्या वर्गाचा. एफडीएच्या पद्धतीत पहिला वर्ग म्हणजे गंभीर इजा किंवा मृत्यूची वाजवी शक्यता, दुसरा म्हणजे तात्पुरता किंवा बरा होणारा त्रास, तिसरा म्हणजे प्रकृतीला अपाय होण्याची शक्यता नाही पण नियमभंग झाला आहे. हा वर्ग तिथे एफडीए ठरवते, कंपनी नाही. म्हणून ‘वर्ग कळू दे, मग बघू’ म्हणत थांबू नका.

पहिले काही तास

खबर चार वाटांनी येते: पुरवठादाराचं पत्र, प्रयोगशाळेचा अहवाल, ग्राहकाची तक्रार, किंवा आपल्याच पॅकिंग लाइनवरच्या माणसाच्या लक्षात आलेली गोष्ट. चौथी वाट सगळ्यांत मौल्यवान आणि सगळ्यांत दुर्लक्षित. मी होते त्या एका कारखान्यात दुधाची पावडर असलेल्या बिस्किटांसाठी रात्रपाळीत चुकून दूध नसलेल्या प्रकाराचा छापील रोल लागला. पॅकिंगवरच्या बाईंनी ते पाहिलं, सुपरवायझरला सांगितलं, त्याने रोल बदलून घेतला आणि पाळीच्या वहीत एक ओळ लिहिली. आधी भरलेली पाकिटं मात्र खोक्यांत गेली होती आणि सकाळी गाडी निघाली. वही दुपारी वाचली गेली. नंतर तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी वेळ मोजायला सुरुवात केली ती रात्रीच्या त्या ओळीपासून, आमच्या दुपारच्या बैठकीपासून नव्हे. कंपनीतल्या एका माणसाला कळलं म्हणजे कंपनीला कळलं, असं धरूनच चाला. पाळी बदलताना ‘सुरक्षेची शंका’ असा वेगळा रकाना ठेवा आणि त्यात काही लिहिलं गेलं तर गुणवत्ता प्रमुखाला तिथल्या तिथे फोन गेलाच पाहिजे, मग रात्रीचे दोन वाजले असोत. आणि त्या बाईंसारख्या माणसाचं सगळ्यांसमोर कौतुक करा. पुढच्या वेळी कुणी बोलेल की गप्प बसेल, ते यावरच ठरतं.

खबर आली की पहिला हुकूम एकच: थांबवा. संशयित बॅच संगणकात रोखून ठेवा, म्हणजे तिचं चलनच निघणार नाही. आणि गोदामात जाऊन तिच्यावर ‘होल्ड’चं लाल लेबल लावा, शक्य असेल तर कुलपात ठेवा. नुसतं संगणकात रोखलेलं पुरत नाही. घाईत हाताने चलन फाडून माल बाहेर गेलेला मी पाहिला आहे. वाटेत असलेल्या गाड्यांच्या चालकांना फोन करा. रोखण्यासाठी कुणाची परवानगी लागू नये. सोडण्यासाठी मात्र गुणवत्ता प्रमुखाची सही लागावी. रोखलेला माल उद्या सोडता येतो, विकलेला माल तितक्या सहज परत येत नाही.

त्याच वेळी एक वही उघडा. साधी, शिवलेली, पानांवर क्रमांक असलेली. वेळ, कोण बोललं, काय कळलं, काय ठरलं, का ठरलं, एवढंच लिहायचं. ‘११.२०: प्रयोगशाळेकडून फोन, प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह, पक्का अहवाल यायला तीन दिवस. ११.३५: बॅच रोखली. १२.१०: शंका एकाच बॅचपुरती आहे हे सिद्ध करता येत नाही, म्हणून त्या दिवसाचं सगळं उत्पादन रोखलं.’ पुढे सहा महिन्यांनी कुणी विचारेल, ‘तुम्हाला तेव्हा काय माहीत होतं?’ त्याचं उत्तर आठवणीतून द्यायचं नसतं. या वहीत खाडाखोड नको. चूक झाली तर एक रेघ मारा, शेजारी सही करा, आणि खालचा मजकूर वाचता येऊ दे.

पक्क्या अहवालाची वाट पाहावी का, हा प्रश्न मला प्रत्येक प्रशिक्षणात विचारला जातो. न्यूझीलंडच्या फॉन्टेरा या दूध कंपनीचं उदाहरण मी त्यावर देते. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की व्हे प्रथिनांच्या (चीज करताना दुधातून सुटणाऱ्या पाण्यातल्या प्रथिनांच्या) सुमारे ३८ टन पावडरीत बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू असण्याची शंका आहे. बाळांच्या दुधापर्यंत त्या पावडरीचा माग गेला आणि अनेक देशांत माल परत बोलावला गेला. पुढच्या चाचण्यांत तो जिवाणू वेगळा, विष न बनवणारा निघाला. म्हणजे भीती खोटी ठरली. तरीही २०१४ मध्ये न्यायालयाने कंपनीला तीन लाख न्यूझीलंड डॉलरचा दंड केला, आणि त्यातल्या आरोपांत एक होता तो शंका आल्यावर अधिकाऱ्यांना वेळेत न कळवल्याचा. शंका खोटी निघाली तरी उशिराचा दोष पुसला जात नाही. म्हणून प्राथमिक निकाल आला की कळवा, आणि कळवताना ‘हा प्राथमिक निकाल आहे, पक्का अमुक दिवशी येईल’ असं स्पष्ट लिहा. अधिकाऱ्याला अर्धवट माहिती देणं चालतं. अर्धवट असल्याचं लपवणं चालत नाही.

निर्णय घेताना धोक्याचा छोटा लेखी विचार करा: धोका काय आहे, पदार्थ शिजवून खातात की तसाच, खाणाऱ्यांत बाळं, गर्भवती, वृद्ध किंवा ॲलर्जी असलेले आहेत का, आणि मुदत संपायला किती दिवस उरले आहेत. लिस्टेरियासारखा जिवाणू फ्रीजमध्येही वाढतो, तेव्हा ‘थंड ठेवला होता’ हे कारण तिथे टिकत नाही. हे सगळं एका पानात मावतं, पण ते पान हवंच.

माग काढणं: इथेच खरी परीक्षा असते

किती माल परत बोलवायचा, हे ठरवणं सगळ्यांत अवघड. कमी बोलावला तर दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जाहीर सूचना द्यावी लागते, आणि दुसऱ्या सूचनेनंतर ग्राहकाचा आणि अधिकाऱ्याचा दोघांचाही विश्वास उडतो. व्याप्तीची सीमा सिद्ध करता आली पाहिजे. यंत्र पूर्ण धुतलं आणि त्याची नोंद आहे, तिथे सीमा पडते. नोंद नसेल तर सीमा पुढच्या नोंदलेल्या धुलाईपर्यंत सरकते, मग मधल्या तीन दिवसांचं उत्पादन हकनाक त्यात आलं तरी. धुलाईची वही कंटाळवाणी वाटते, पण त्याच वहीने कित्येक उद्योगांचे टनावारी माल वाचवले आहेत.

घटकाकडून सुरुवात झाली असेल, म्हणजे पुरवठादाराचं पत्र आलं असेल, तर आधी विचारा: हा लॉट आपल्याकडे किती किलो आला, कोणत्या तारखांना वापरला, किती शिल्लक आहे? अर्धवट वापरून परत बांधलेल्या गोण्या शोधा. मग ‘रिवर्क’ बघा. तुटकी बिस्किटं, उरलेलं पीठ, नळीत राहिलेला सॉस दुसऱ्या दिवशीच्या मालात मिसळला जातो, आणि एका दिवसाचा दोष आठवडाभराच्या मालात पसरतो. रिवर्कची नोंद ठेवत नाहीत असे कारखाने मला अजूनही भेटतात. त्यांना मी दुसरं काही सांगायच्या आधी ती वही सुरू करायला लावते.

एक घटक किती दूर जातो ते २००५ मध्ये ब्रिटनमध्ये दिसलं. सुदान-१ नावाचा, अन्नात बंदी असलेला रंग मिसळलेली मिरची पूड एका वूस्टर सॉसमध्ये गेली. तो सॉस चवीसाठी तयार जेवणांत, सूपांत, इतर सॉसमध्ये पडत होता. आणि शेवटी शेकडो उत्पादनं दुकानांतून काढावी लागली. अमेरिकेत २००८-०९ मध्ये पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीच्या शेंगदाण्याच्या मालातून साल्मोनेला या जिवाणूची साथ पसरली. सातशेहून अधिक लोक आजारी पडले, नऊ मृत्यूंशी तिचा संबंध जोडला गेला. तो माल वापरणाऱ्या शेकडो कंपन्यांची मिळून ३,९०० पेक्षा जास्त उत्पादनं परत बोलवावी लागली. त्या कंपनीने दूषित माल जाणूनबुजून पाठवला होता, चाचणीचे खोटे दाखलेही दिले होते. तिच्या प्रमुखाला २०१५ मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली. पुरवठादाराचा चाचणीचा दाखला फाइलला लावला की काम झालं असं समजू नका. अधूनमधून स्वतः नमुना तपासा, आणि करारात लिहून घ्या की त्याच्याकडे काही गडबड झाली तर तो तुम्हाला किती तासांत आणि कुठल्या फोनवर कळवेल.

आता आकड्यांचा मेळ. समजा संशयित बॅचमध्ये ४,८१२ पाकिटं बनली. लाइनवर बाद झाली ६०. प्रयोगशाळेने नमुने म्हणून ठेवली १२. गोदामात आहेत १,१४०. चलनांप्रमाणे बाहेर गेली ३,५७६. बेरीज करा: ४,७८८. चोवीस पाकिटं कमी. बरेच जण इथे ‘अर्धा टक्का फरक, चालायचंच’ म्हणून पुढे जातात. थांबा. चोवीस हा आकडा बघा. एका खोक्यात चोवीसच पाकिटं असतील तर तो मोजणीतला फरक नव्हे, ते एक अख्खं खोकं आहे आणि ते कुठेतरी आहे. मी असं खोकं विक्री विभागाच्या कपाटात शोधून काढलं आहे. गिऱ्हाइकांना चव दाखवायला नेलेल्या नमुन्यांचं चलन कुणी केलं नव्हतं. कर्मचाऱ्यांना सवलतीत विकलेला माल, देणगी म्हणून दिलेला माल, फाटलं म्हणून बदलून दिलेलं खोकं, प्रदर्शनातली पाकिटं: चलनाबाहेरच्या या वाटा आधीच एका यादीत लिहून ठेवा, म्हणजे त्या दिवशी शोध तिथूनच सुरू होईल. फरक शेवटपर्यंत सापडला नाही तर तसं लिहा आणि तो बाजारात आहे असं धरा. आकडा जुळवून घ्यायचा मोह कधीच होऊ देऊ नका. जुळवलेला आकडा अनुभवी तपासनीसाला लगेच ओळखू येतो, आणि मग तो बाकीच्या कागदांवरही विश्वास ठेवत नाही.

पुढच्या पायरीचा माग म्हणजे कोणत्या वितरकाला कोणत्या बॅचचं किती गेलं. चलनावर बॅच क्रमांक छापत नसाल तर तुम्हाला फक्त तारखेवरून अंदाज करावा लागेल, आणि अंदाज म्हणजे सगळ्याच वितरकांना सूचना. चलनावर बॅच क्रमांकाचा एक रकाना वाढवणं हे या सगळ्या लेखातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फायद्याचं काम आहे.

सूचना कशी लिहावी

वितरकांना आधी फोन, मग लेखी. पत्राच्या विषयाच्या ओळीत ‘तातडीचे: माल परत बोलावण्याबाबत’ असंच लिहा. नेहमीच्या दरपत्रकासारखं दिसणारं पत्र कुणी उघडत नाही. आत फक्त कामाचं: उत्पादन, वजन, बॅच, मुदतीची तारीख, धोका, विक्री लगेच थांबवा, माल वेगळा ठेवा, पुढे कुणाला दिला असेल तर त्यांना आजच कळवा, आणि सोबतचा फॉर्म भरून परत पाठवा. फॉर्ममध्ये तीनच आकडे मागा: मिळाले किती, शिल्लक किती, विकले किती.

जाहीर सूचनेत बहुतेक कंपन्यांचा हात अडखळतो. ‘आमच्यासाठी ग्राहकांची सुरक्षा सर्वोच्च’ अशी सुरुवात होते, मग गुणवत्तेच्या परंपरेचं वर्णन येतं, आणि धोका तिसऱ्या परिच्छेदात. एफडीएच्या मार्गदर्शक नियमांतच लिहिलं आहे की रिकॉलच्या पत्रात जाहिरातबाजी किंवा मुद्द्यावरून लक्ष उडवणारी विधानं नसावीत. मी वापरते तो नमुना असा:

‘दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी ही बिस्किटं खाऊ नयेत. अमुक नावाच्या २०० ग्रॅम पाकिटांत दूध आहे, पण पाकिटावर ते छापलेलं नाही. बॅच क्रमांक अमुक, मुदत अमुक तारखेपर्यंत. हे दोन्ही पाकिटाच्या मागच्या शिवणीवर आहेत. दुधाची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला यामुळे गंभीर, जिवावर बेतणारा त्रास होऊ शकतो. खाल्ल्यावर अंगावर गांध्या, ओठ किंवा चेहऱ्यावर सूज, श्वास घ्यायला त्रास झाला तर लगेच वैद्यकीय मदत घ्या. पाकीट दुकानात परत द्या. पावती नसली तरी पूर्ण पैसे मिळतील. इतर बॅचमध्ये हा दोष नाही. चौकशीसाठी फोन अमुक, सकाळी ८ ते रात्री १०.’

धोका पहिल्या वाक्यात, आणि तो कुणाला आहे तेही तिथेच. सोबत पाकिटाचा फोटो, कोडच्या जागेवर बाण. ‘केवळ खबरदारी म्हणून’ हे शब्द मी काढून टाकते, कारण ते वाचून ॲलर्जी असलेल्या मुलाची आई निर्धास्त होते आणि पाकीट तसंच राहतं. ‘इतर बॅचमध्ये दोष नाही’ हे मात्र तेव्हाच लिहा, जेव्हा ते नोंदींनी दाखवता येईल. सूचनेचा मसुदा अधिकाऱ्यांना दाखवा. काही ठिकाणी त्यांची संमती किंवा त्यांचाच नमुना वापरणं बंधनकारक असतं. तुमचे ग्राहक ज्या ज्या भाषा वाचतात त्या सगळ्या भाषांत ती द्या.

ॲलर्जीचे घटक कोणते धरायचे ते बाजारपेठेप्रमाणे बदलतं. युरोपीय संघात चौदा घटक किंवा घटकांचे गट ठळक दाखवावे लागतात. अमेरिकेत २०२३ च्या सुरुवातीला तीळ हा नववा झाला. एका ठिकाणी निर्दोष असलेलं लेबल दुसऱ्या ठिकाणी रिकॉलचं कारण ठरतं.

फोन घेणाऱ्यांना लेखी प्रश्नोत्तरं द्या, आणि आजारी पडल्याची प्रत्येक तक्रार वेगळ्या यादीत घेऊन त्याच दिवशी अधिकाऱ्यांकडे जाऊ द्या.

तुम्ही उत्पादक नसून विक्रेते असाल तर

लेखी योजना ठेवण्याचं बंधन तुमच्यावर कदाचित नसेल, पण सहकार्याचं आहे. युरोपीय नियमाच्या कलम १९ मध्ये किरकोळ विक्रेत्यांनी माल काढून घ्यावा आणि माग काढायला लागणारी माहिती पुढे द्यावी असं स्पष्ट म्हटलं आहे. बिलिंगच्या यंत्रणेत तो बारकोड अडवा, फळीवरचा माल काढा, मागच्या गोदामातला काढा, आणि सुटा करून बरणीत भरलेला विसरू नका. सुटा माल भरताना मूळ पाकिटाचं लेबल कापून बरणीला चिकटवायची सवय लावली असेल तर हे काम पाच मिनिटांत होतं. खानावळी आणि हॉटेलांनी तो घटक कुठल्या पदार्थांत जातो ते बघावं, आणि त्यापासून बनवून फ्रीजरमध्ये ठेवलेले पदार्थही काढावेत. ऑनलाइन विकणाऱ्यांकडे तर ग्राहकाचा पत्ताच असतो. त्यांनी थेट निरोप पाठवायलाच हवा, जाहीर सूचनेवर विसंबून राहू नये.

परत आलेला माल

परत आलेला माल कच्च्या मालाच्या दारातून आत येऊ देऊ नका. वेगळी जागा, वेगळं रजिस्टर, कुलूप. मोजून घ्या, कुणाकडून किती आला ते लिहा, आणि आकडा रोजच्या रोज मेळाच्या तक्त्यात चढवा. पुन्हा पाकीट बदलून विकता येईल का, जनावरांच्या खाद्यात देता येईल का, हे प्रश्न येतातच. अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय उत्तर ‘नाही’ असं असू दे. नष्ट करताना पाकिटं फाडून, आतला पदार्थ खाण्यालायक राहणार नाही असा करून मगच पुढे पाठवा. अख्खी पाकिटं कचऱ्यात टाकली तर ती कुणीतरी उचलतं, खातं किंवा विकतं. ज्याच्यापर्यंत कुठलीच सूचना पोचत नाही अशा माणसाच्या पोटात तो धोका जातो. वजन, तारीख, साक्षीदाराची सही, फोटो, विल्हेवाट लावणाऱ्या संस्थेचा दाखला, सगळं फाइलला. शक्य असेल तर अधिकाऱ्यांना हजर राहायचं निमंत्रण द्या.

सूचना पोचली का, हे तपासणं

ई-मेल गेला म्हणजे निरोप पोचला असं होत नाही. एफडीएच्या पद्धतीत या पडताळणीच्या पाच पातळ्या आहेत: सर्वांत वरच्या पातळीला माल मिळालेल्या शंभर टक्के ग्राहक-संस्थांशी संपर्क, पुढे दहा ते शंभर टक्क्यांच्या मधलं ठरवलेलं प्रमाण, मग दहा टक्के, दोन टक्के, आणि सर्वांत खालच्या पातळीला काहीच नाही. धोका गंभीर असेल तर मी लहान उद्योगांना थेट शंभर टक्केच सांगते. चाळीस-पन्नास वितरक असतात, दोन माणसं दिवसभरात फोन करतात. ‘पत्र मिळालं का?’ असं विचारू नका, ‘हो’ असंच उत्तर येतं. ‘आत्ता तुमच्याकडे या बॅचची किती पाकिटं आहेत, आणि ती कुठे ठेवली आहेत?’ असं विचारा. जो थबकतो, त्याने पत्र वाचलेलं नाही. काही दुकानांत स्वतः जाऊन फळी बघा. ज्यांच्याकडून फॉर्म आला नाही त्यांच्यासाठी तीन प्रयत्नांची तारीख-वेळ नोंदवा आणि मग ती नावं अधिकाऱ्यांना द्या.

टप्प्याटप्प्याने अहवाल मागितला असेल तर तो ठरल्या दिवशी जाऊ दे, नवीन काही नसलं तरी. ‘आज बदल नाही’ हाही अहवालच.

परत आलेल्या मालाची टक्केवारी कमी असली म्हणजे रिकॉल फसला असं नाही. कमी मुदतीचा माल बराचसा खाल्ला गेलेला असतो. विकला गेलेला, परत आलेला, नष्ट केलेला आणि हिशेबात न लागलेला, असे चार आकडे वेगळे दाखवा. रिकॉल बंद करण्याचा निर्णय अधिकाऱ्यांशी बोलून, लेखी घ्या. आणि मूळ कारणाचा अहवाल ‘कामगाराची चूक, समज दिली’ एवढ्यावर संपवू नका. दोन सारखे दिसणारे रोल एकाच फळीवर का होते, रोल लावताना कोड तपासणारा स्कॅनर का नव्हता, इथपर्यंत जा.

सराव

कॅनडात अन्नाचा परवाना असलेल्या बहुतेक व्यवसायांनी दर बारा महिन्यांनी एकदा रिकॉलची रंगीत तालीम करणं नियमानेच आवश्यक आहे. बीआरसीजीएस या अन्न सुरक्षेच्या खाजगी मानकात आकड्यांच्या मेळासकट माग चार तासांत काढता आला पाहिजे असं सांगितलं आहे. नियम नसला तरी करा, आणि सोपी बॅच निवडू नका. रिवर्क गेलेली, दोन दिवस चाललेली, तीन देशांत पाठवलेली बॅच घ्या. एकदा घटकाच्या लॉटपासून पुढे जा, एकदा दुकानातल्या पाकिटापासून मागे या. न सांगता करा, आणि गुणवत्ता प्रमुख रजेवर असताना करा. त्यांच्या जागी बसणाऱ्याला संगणकात बॅच रोखता येते का, त्याच्याकडे पासवर्ड आहे का, हे त्याशिवाय कळत नाही. संपर्कांच्या यादीतला प्रत्येक नंबर फिरवून बघा. माझ्या अनुभवात तालमीत सर्वांत जास्त वेळ जातो तो बंद पडलेल्या नंबरांवर.

तालमीचा निकाल, लागलेला वेळ, न जुळलेला आकडा आणि केलेली दुरुस्ती लिहून ठेवा. तपासणीत तो कागद मागितला जातो. योजना आणि संपर्कांची यादी छापील स्वरूपात कारखान्यात, सुरक्षारक्षकाच्या चौकीत आणि प्रमुखांच्या घरी ठेवा. बॅचच्या आणि वितरणाच्या नोंदी मालाची मुदत संपेपर्यंत आणि त्यापुढेही तुमच्या बाजारपेठांतल्या सर्वांत कडक नियमाप्रमाणे जपा. कॅनडात माग काढण्याच्या कागदपत्रांसाठी ही मुदत दोन वर्षांची आहे.